लोकरीच्या प्रवाळाला झालर कशी येते?

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने प्रदर्शनासाठी समुद्रतळाचा देखावा क्रोशाने विणायला घेतला आहे. मासे आणि कासव जमले. प्रवाळ मात्र एकतर सपाट चकती होते, नाहीतर वाटीसारखे वळते. दाट झालर कशी आणावी? काही प्रवाळ पांढरे ठेवावे, असेही एकीचे म्हणणे आहे. ते योग्य दिसेल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : हा सारा टाक्यांचा हिशेब आहे. सहा मुक्या खांबांनी सुरुवात करून प्रत्येक फेरीत सहाच टाके वाढवले, तर सहाव्या फेरीत ३६ टाके होऊन चकती सपाट राहते आणि वाढ त्याहून कमी पडली की वाटी होते. म्हणून तिसऱ्या फेरीत १८ टाके झाले की पुढे एकाआड एक टाक्यात दोन मुके खांब घालावेत. २७, ४० असे करत सहाव्या फेरीला ६० टाके होतात आणि कडेला ते मावेनासे झाल्याने वीण आपोआप लाटा घेऊ लागते. याच युक्तीने कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये हायपरबोलिक भूमितीचे, म्हणजे कडेकडे झपाट्याने पसरत लाटा घेणाऱ्या पृष्ठभागाच्या भूमितीचे, प्रतिरूप विणले, आणि पुढे २००५ मध्ये मार्गारेट व क्रिस्टीन वर्थाइम या भगिनींनी लॉस एंजेलिसमध्ये क्रोशाच्या प्रवाळभित्तींचा प्रकल्प सुरू केला. नियम काटेकोर पाळला की आकार फार आखीव येतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. तेव्हा आपणही मधूनच वाढीचे प्रमाण बदलावे.

ॲक्रिलिक लोकर बारीक सुईने घट्ट विणल्यास झालर उभी राहते. तरीही ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच, त्यामुळे या विषयाला मला सुती दोराच अधिक शोभेलसा वाटतो. तो मऊ पडतो खरा, पण रुमालांना करतो तशी साबुदाण्याची खळ केली की काम भागते.

पांढऱ्याबद्दल आपल्या मैत्रिणीचे म्हणणे मला पटते. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या ऊतींतील रंगीत सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पारदर्शक अंगातून चुन्याचा सांगाडा पांढरा दिसू लागतो. असा प्रवाळ लगेच मेलेला नसतो, पाणी वेळेत निवले तर तो सावरू शकतो; मेल्यावर मात्र त्यावर मळकट शेवाळ चढते. त्यामुळे शुभ्र प्रवाळ रंगीत प्रवाळांना लागूनच ठेवावेत आणि एखादा मातकट हिरवाही विणावा. शोभेसाठी खरे प्रवाळ मात्र आणू नयेत, कारण त्यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचे संरक्षण आहे.