शस्त्रे चोवीस, पण पेलणार कोण?

प्रश्न : गेल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या मामेभावाने मला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाची बरीच कार्डे दिली. त्यांतून मी तलवारी, हातोडे आणि कुऱ्हाडी यांचा पांढऱ्या रंगाचा डेक (खेळायची गड्डी) बांधला. त्यात २४ इक्विपमेंट (शस्त्रे), १२ क्रीचर (ती पेलून लढणारे) आणि २४ लँड (कार्डांची किंमत भरायला लागणारा ‘माना’ देणारी कार्डे) आहेत. पडवीत मित्रांशी खेळताना मात्र हातात शस्त्रेच साचून राहतात आणि बहुतेक डाव मी हरतो. यंदा मामेभाऊ येण्यापूर्वी काय बदल करावा?
— महाविद्यालयीन वाचक, देवगड

उत्तर : तुमच्या डेकमधला दोष तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे. इक्विपमेंट हा प्रकार २००३ च्या ‘मिरोडिन’ संचातून या खेळात आला. त्याचे वैशिष्ट्य असे, की ते धारण करणारा क्रीचर मेला तरी शस्त्र टेबलावर शिल्लक राहते आणि पुन्हा किंमत भरून दुसऱ्याला देता येते. ऑरा, म्हणजे क्रीचरवर चढवायचे मंत्राचे कार्ड, मात्र आपल्या क्रीचरबरोबरच ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) जाते. त्यामुळे शस्त्रे थोडी असली तरी पुरतात. क्रीचर मरतच राहणार, म्हणून ते भरपूर लागतात. घरात दहा कोयते असून माडावर चढणारा गडीच नसेल, तर नारळ उतरणार कसे? साठ कार्डांत १२ क्रीचर असतील, तर सुरुवातीच्या सात कार्डांत एकही क्रीचर न येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के असते, म्हणजे साधारण पाचांतला एक डाव तुम्ही लढवय्याविना सुरू करता. क्रीचर २४ केले की हीच शक्यता सुमारे २ टक्क्यांवर येते. माझ्या मते २४ क्रीचर, १० इक्विपमेंट, २२ लँड आणि प्रतिस्पर्ध्याचे क्रीचर दूर करणारी ४ कार्डे ही विभागणी तुम्हांला मानवेल.

कोणती शस्त्रे ठेवायची, हे ठरवताना कार्डावरचा मोठा आकडा पाहून भुलू नये; शस्त्र टेबलावर आणण्याचा माना आणि ते चढवण्याचा माना (इक्विपची किंमत) यांची बेरीज करावी. ‘बोनस्प्लिटर’ला दोन्ही वेळा एकेकच माना लागतो आणि ताकद दोनने वाढते. पहिल्या टर्नला ‘कोर ड्युएलिस्ट’ हा एक मानाचा १/१ (ताकद एक, टिकाव एक) क्रीचर टाकला आणि दुसऱ्या टर्नला बोनस्प्लिटर टाकून लगेच त्याला दिला, तर शस्त्र असेपर्यंत त्याला डबल स्ट्राइक मिळत असल्यामुळे तीनचा घाव दोनदा बसतो आणि समोरच्याच्या वीसपैकी सहा लाइफ त्याच टर्नला जातात. याउलट ‘कोलोसस हॅमर’ ताकद दहाने वाढवतो खरा, पण तो चढवायला तब्बल आठ माना पडतात. शस्त्र टेबलावर येताच ते आपोआप क्रीचरला जोडणारे ‘सिगार्डाज एड’, किंवा तीन आर्टिफॅक्ट (शस्त्रेही त्यांतच मोडतात) असताना इक्विपची किंमत शून्यावर आणणारा ‘प्युअरस्टील पॅलाडिन’, यांपैकी काहीच तुमच्या संग्रहात नसेल, तर सगळे हॅमर बिनदिक्कत बाहेर काढा. ‘स्टोनफोर्ज मिस्टिक’ मिळाल्यास डेकमध्ये चालणाऱ्या चारही प्रती घ्याव्यात, कारण ती डेकमधून हवे ते शस्त्र शोधून हातात देते आणि मग दहा शस्त्रेसुद्धा जास्त वाटू लागतात. (या प्रकारातले सर्वांत बदनाम कार्ड ‘स्कल्क्लँप’ ताकद जेमतेम एकने वाढवते, पण ते धारण करणारा क्रीचर मेला की दोन कार्डे मिळतात, आणि त्यापायी २००४ मध्ये स्टँडर्ड या, फक्त अलीकडच्या संचांतली कार्डे चालणाऱ्या स्पर्धा-प्रकारात त्यावर बंदी आली.)

प्रश्न : इक्विपचा माना भरला, की मित्र त्याच क्षणी माझा क्रीचर मारतो. तोच माना वापरून शस्त्र दुसऱ्या क्रीचरला देता येते का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. लक्ष्यच नाहीसे झाल्यामुळे ती क्रिया फुकट जाते, भरलेला माना परत मिळत नाही आणि शस्त्र आधी जिथे होते तिथेच राहते. इक्विप फक्त आपल्या टर्नच्या मुख्य टप्प्यात करता येत असल्याने मित्राला तुमचा बेत आधीच दिसतो. म्हणून शक्यतो त्याने आपली लँड वापरून संपवली असतील तेव्हाच महागडे शस्त्र चढवावे. ‘लाइटनिंग ग्रीव्ह्ज’ हे इक्विपमेंट शून्य मानात चढते आणि क्रीचरला कोणाचेही लक्ष्य होऊ देत नाही, पण त्यात तुम्हीही आलात. त्यामुळे आधी तलवार द्यावी आणि ग्रीव्ह्ज नंतर.

प्रश्न : पावसाळ्यात माझी चकचकीत फॉइल कार्डे वाकतात. उपाय सांगावा.
— एक वाचक, मालवण

उत्तर : कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो, फॉइलचा थर फुगत नाही, म्हणून कार्ड वाकते. उन्हात किंवा इस्त्रीखाली ठेवून ते सरळ करण्याच्या फंदात पडू नये. स्लीव्हमध्ये घालून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि पुड्या वरचेवर बदलाव्यात. वाकलेले कार्ड गड्डीत चटकन ओळखू येते, म्हणून स्पर्धेत ते खुणेचे कार्ड ठरू शकते; डेकमध्ये त्याच कार्डाची साधी प्रत वापरावी.