अभ्यासातला स्वर

प्रिय अभ्यासक,
अनेक आशीर्वाद.

संस्कृत, ग्रीक, लॅटिन अशा प्राचीन इंडो-युरोपीय भाषांतील द्वित्वाचा, म्हणजे शब्द किंवा त्याचा भाग दोनदा येण्याचा, अभ्यास कोठून सुरू करावा, असे तू विचारले आहेस. ‘दिवे-दिवे’ (‘दररोज’) सारख्या वैदिक पुनरुक्तीपासून सुरुवात करू नकोस, तेथे अख्खे पद पुन्हा येते आणि त्याच्या दुसऱ्या भागाला पाणिनी ‘आम्रेडित’ म्हणतो. धातूच्या द्वित्वात मात्र तो पहिल्या भागाला ‘अभ्यास’ हे नाव देतो. तू या अभ्यासापासून, त्यातही लिट् लकारापासून, म्हणजे संस्कृतातील परोक्ष भूतकाळाच्या रूपांपासून, आरंभ कर.

‘चकार’, म्हणजे ‘त्याने केले’, हे एकच रूप घे. धातू ‘कृ’ असताना आधी ‘च’ कसा आला? ‘कुहोश्चुः’ या सूत्रानुसार अभ्यासातील कवर्गाचा आणि हकाराचा चवर्ग होतो. नियम अचूक आहे. त्यामागचे कारण मात्र संस्कृतच्या बाहेर सापडते. ग्रीक ‘लेलोइपा’ (‘मी सोडले आहे’) आणि लॅटिन ‘केकिनी’ (‘मी गायलो’) यांच्या अभ्यासात ऱ्हस्व ‘ए’ आहे. तोच स्वर एके काळी ‘चकार’मध्येही होता; त्याने आधीच्या कंठ्य व्यंजनाला तालव्य केले आणि मग तो स्वतः ‘अ’ झाला. धातूच्या अक्षरात मूळचा ‘ओ’ असल्याने तिथला ‘क’ शाबूत राहिला. १८७०च्या दशकात हे उलगडले, तेव्हा संस्कृतचे स्वरच सर्वांत जुने, हा समज मोडीत निघाला. लोप पावलेल्या एका स्वराची एवढी साक्ष मिळावी, याचे मला आजही अप्रूप वाटते.

हीच नजर नामांकडे वळव. फिरणे या अर्थाच्या धातूचे द्वित्व होऊन ‘चक्र’ बनले. ग्रीक ‘क्युक्लोस’ आणि इंग्रजी ‘व्हील’ त्याचेच भाऊबंद, आणि आपले ‘चाक’ त्याच चक्रातून आलेले. तेथेही आधी ‘च’ आणि मग ‘क’ आहे. मात्र यावरून द्वित्व म्हणजे क्रियेची पुनरावृत्ती, असा निष्कर्ष काढू नकोस. ‘चकार’मध्ये तसा अर्थ नाही, आणि ‘वेद’, म्हणजे ‘तो जाणतो’, या प्राचीन लिट्-रूपात किंवा त्याच्या जोडीच्या ग्रीक ‘ओइदा’त तर द्वित्वच नाही.

त्यानंतर ‘स्था’ (उभे राहणे) या धातूकडे ये. संस्कृत ‘तस्थौ’च्या अभ्यासात केवळ ‘त’ उरतो, लॅटिन ‘स्तेती’त ‘स्त’ पुढे राहून धातूतला ‘स’ गळतो, तर गॉथिक ही प्राचीन जर्मानिक भाषा अशा धातूंत दोन्हीकडे पूर्ण जोडाक्षर राखते. ही रूपे वहीत शेजारी-शेजारी मांड आणि यांतले मूळ कोणते, याचा निर्णय घाईने करू नकोस.

कळावे.