स्कॉटलंडच्या फुटबॉलमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स असताना क्वीन्स पार्क या क्लबला इतका मान का दिला जातो?

आपल्याकडे सेल्टिक आणि रेंजर्स ही नावे ऐकलेले पुष्कळ जण भेटतात, पण क्वीन्स पार्कविषयी विचारणारे क्वचितच, त्यामुळे आपला प्रश्न वाचून आनंद झाला. ज्या खेळाच्या बळावर ते दोन क्लब मोठे झाले, तो खेळ स्कॉटलंडमध्ये रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने क्वीन्स पार्ककडे जाते. पुढे त्याच खेळात पैसा आला, तेव्हा तो घेण्यास नकार देऊन या क्लबने आपण होऊन मागचा बाक पत्करला. त्याला मिळणाऱ्या मानात या दोन्ही गोष्टींचा वाटा आहे.

ग्लासगोच्या दक्षिण भागातील काही तरुणांनी ९ जुलै १८६७ रोजी हा क्लब स्थापन केला. नावातील राणी व्हिक्टोरिया असावी असा समज सहज होतो. परंतु ज्या उद्यानावरून क्लबचे नाव पडले, ते स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या स्मरणार्थ असल्याचे सांगितले जाते, कारण १५६८ साली तिचा पराभव झाला ते लँगसाइड तेथून जवळच आहे. क्लबचे लॅटिन ब्रीदवाक्य ‘लुडेरे काउसा लुडेंडी’ असे असून ‘खेळण्यासाठी खेळणे’ हा त्याचा अर्थ होय.

इंग्लंडमध्ये १८७१-७२ साली एफए कप ही हरणारा संघ बाद होणारी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा स्कॉटलंडमधून एकट्या क्वीन्स पार्कने त्यात नाव दिले. पुढे चाल मिळत गेल्यामुळे एकही सामना न खेळता संघ उपांत्य फेरीत पोहोचला, लंडनमध्ये त्याने वाँडरर्स या इंग्लिश संघाला गोलशून्य बरोबरीत रोखले आणि फेरसामन्यासाठी तेथे थांबण्याइतके पैसे नसल्याने तो माघार घेऊन परतला. १८७२ सालीच ३० नोव्हेंबरला ग्लासगोतील एका क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात जगातील पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. त्यातही गोल झाला नाही. मात्र स्कॉटलंडचे अकराच्या अकरा खेळाडू क्वीन्स पार्कचे होते, आणि त्यांनी घातलेले गडद निळे शर्ट हेही तेव्हा क्लबचेच रंग होते. पुढच्या वर्षी क्लबने काळे-पांढरे आडवे पट्टे स्वीकारले आणि त्यावरूनच ‘स्पायडर्स’, म्हणजे कोळी, हे टोपणनाव रूढ झाले.

माझ्या मते क्लबची सर्वांत मोठी देणगी मात्र खेळण्याच्या पद्धतीत आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये चेंडू मिळालेल्या खेळाडूने तो स्वतःच पायाशी घेऊन घुसावे आणि सहकाऱ्यांनी त्याच्या मागे धावावे अशी रीत होती. अंगापिंडाने भारी असलेल्या इंग्रजांसमोर ही रीत चालणारी नव्हती, म्हणून क्वीन्स पार्कच्या खेळाडूंनी आपापसांत चेंडू देत-घेत पुढे सरकण्याचे तंत्र घोटून घेतले. आज आपण ज्याला पासिंग म्हणतो, त्याच्या मुळाशी जाताना या क्लबपाशी थांबावेच लागते.

१८७३ साली क्वीन्स पार्कच्या पुढाकाराने स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली, आणि स्कॉटिश कपची पहिली तिन्ही वर्षे याच क्लबची ठरली. १८९३ पर्यंत त्याने हा कप एकूण १० वेळा जिंकला. ब्रिटिश गयानात जन्मलेले अँड्र्यू वॉटसन हे कृष्णवर्णीय बचावपटू याच काळात क्लबकडून खेळत, आणि १८८१ साली लंडनमध्ये इंग्लंडचा ६-१ असा धुव्वा उडवणाऱ्या स्कॉटलंड संघाचे ते कर्णधार होते.

मग पैसा आला. १८८४ आणि १८८५ अशी सलग दोन वर्षे एफए कपच्या अंतिम सामन्यात क्वीन्स पार्कला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडून हार पत्करावी लागली, आणि बोचणारी बाब अशी की जिंकणाऱ्या संघात स्कॉटलंडहून गेलेले खेळाडूही होते. १८९० साली स्कॉटिश लीग निघाली, तेव्हा हा व्यावसायिकतेचा मागचा दरवाजा आहे असे मानून क्लब बाहेरच राहिला. १९०० साली तो लीगमध्ये उतरला, तोही खेळाडूंना वेतन न देण्याच्या अटीवर ठाम राहून. या निष्ठेचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये: हौस ज्याला परवडते, त्यालाच हौशी राहता येते. गोदीत किंवा खाणीत राबणाऱ्या मुलासाठी फुटबॉलचे वेतन ही चैन नव्हती.

तत्त्वनिष्ठ असला तरी क्लब व्यवहारात भाबडा नव्हता. १९०३ साली त्याने उघडलेले हॅम्पडन पार्क, त्या नावाचे त्याचे तिसरे मैदान, अनेक दशके जगातील सर्वांत मोठे फुटबॉल मैदान होते. १९३७ साली तेथे इंग्लंडविरुद्धच्या सामन्याला १,४९,४१५ प्रेक्षकांची नोंद झाली. एवढ्या अवाढव्य मैदानाचा मालक असलेला क्लब पुढे खालच्या श्रेणीत, काही शे प्रेक्षकांसमोर खेळत असे, हे चित्र मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन या पुढे मँचेस्टर युनायटेडचे नामांकित प्रशिक्षक झालेल्या खेळाडूची कारकीर्द येथूनच सुरू झाली. अँडी रॉबर्टसन हे तर २०१२-१३ च्या हंगामात येथे विनावेतन खेळत, दिवसा हॅम्पडनमध्येच फोन घेण्याचे काम करत, आणि सहा वर्षांनी लिव्हरपूलकडून ते चॅम्पियन्स लीग जिंकले.

तयार झालेले खेळाडू मोबदल्याविना दुसऱ्या क्लबांकडे जात राहिल्याने अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये सभासदांनी मोठ्या बहुमताने हौशी दर्जा सोडला, आणि पुढच्या वर्षी हॅम्पडनची मालकी ५० लाख पौंडांना असोसिएशनकडे गेली. जुन्या सभासदांपैकी काहींना ते जड गेले असणार. त्यानंतर क्लब दोन श्रेणी वर चढला. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी स्कॉटिश कपमध्ये त्याने रेंजर्सला त्यांच्याच आयब्रॉक्स मैदानावर १-० असे हरवले. अगदी शेवटी रेंजर्सला मिळालेली पेनल्टीही गोलरक्षकाने अडवली. त्या दिवशी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टात उतरलेले खेळाडू पगारी होते.