मॅच आहे, वीस माणसं आहेत, नाचोज परवडत नाहीत

(वाचक विचारतात, काकू सांगतात)

काकू, रविवारी आमच्या अंगणात मॅच लावून राह्यले. प्रोजेक्टर मंडळाचा, चादर आमची. पंधरा-वीस माणसं तरी येतीन. पोरगी पुण्याले शिकते, ती म्हणते दरवेळेस काय भजे अन् चिवडा, या वेळी मेक्सिकन करू. तिनं यादी देली, नाचोजचे पाकीट, चीज, अ‍ॅव्होकॅडो, सालसाची बाटली. बजेट तं त्यातच संपते, अन् अ‍ॅव्होकॅडो आमच्या तालुक्यात भेटतच नाही. कसं करू?
– एक वाचक, आर्वी तालुका

ताई, पोरीचं मन मोडू नका पण ती यादी फाडून टाका. मका, टमाटर, मिरची, राजमा हे सगळं मुळात तिकडचंच आहे, आपल्याकडे आलं ते पोर्तुगीज वगैरे लोकांच्या जहाजातून, आणि आज तुमच्या सैपाकघरात यातलं जवळजवळ सगळं पडून आहे. बरं नाचोज तरी कसे झाले माहिताय का, १९४३ च्या सुमारास मेक्सिकोत पिएद्रास नेग्रास नावाच्या सीमेवरच्या गावी एका हॉटेलात अचानक बाया आल्या, आचारी सापडेना, तर इग्नासिओ अनाया नावाच्या माणसानं जे होतं तेच, म्हणजे तळलेल्या मक्याच्या पोळीचे तुकडे, वर चीज, वर मिरच्या, असं ताटात टाकून दिलं अशी गोष्ट सांगतात. इग्नासिओला तिकडे लाडानं नाचो म्हणतात म्हणून नाव नाचोज.

तर पैसे कशावर घालायचे, तर राजम्यावर. पाकिटातले नाचोज पहिली विकेट पडायच्या आत संपतात आणि पोट कोणाचंच भरत नाही, राजमा मात्र माणसाला धरून ठेवतो. वीस जणांच्या नाश्त्याला एक किलो कोरडा राजमा पुष्कळ झाला, शिजून अडीच किलोच्या आसपास होतो. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नवीन पाण्यात कुकरला चांगल्या शिट्ट्या काढून अगदी मऊ करायचा. अर्धकच्चा राजमा पोट खराब करतो, उलट्या होतात, म्हणून तिथं गॅस वाचवू नका. मग मोठ्या गंजात तेल, कांदा, भरपूर लसूण, जिरं, लाल तिखट, त्यात राजमा टाकून पावभाजीच्या मॅशरनं घोटायचा, थोडा दाणेदार राहू द्यायचा. गरम मसाला नको. गरम मसाला पडला की तो राजमा-चावल होतो, मग कितीही टोपी घाला, मेक्सिको होत नाही. राजमा महाग वाटला तर अर्धी बरबटी (चवळी) घाला, ब्राझीलच्या ईशान्य भागात लोक बरबटी आवडीनं खातात, म्हणजे आपण काही फसवून नाही राह्यलो.

चिप्स घरी करा. दोन वाट्या मक्याचं पीठ, एक वाटी कणीक, मीठ, एक चमचा गरम तेल, कोमट पाण्यात घट्ट मळा. नुसत्या मक्याची लाटताना फाटते म्हणून कणीक. पातळ लाटून तव्यावर दोन्हीकडून अर्धीकच्ची शेका, मग सहा त्रिकोण कापा आणि मग तळा. शेकायची पायरी गाळू नका, शेकलेली पोळी तेल कमी पिते आणि कुरकुरीत राहते. दुपारीच तळून, गार करून, डब्यात भरून ठेवा.

सालसाची बाटली तर मुळीच नको. टमाटर, हिरव्या मिरच्या, लसूण चुलीवर काळे होईस्तोवर भाजा आणि पाट्यावर जाडसर वाटा. मेक्सिकोत सालसा ज्या दगडी खलात कुटतात तोही काळ्या बेसॉल्टचाच असतो, आपल्या पाट्यासारखा, त्यामुळे मिक्सर आज राहू द्या. वरून कच्चा कांदा, निंबू, बचकभर सांबार म्हणजे कोथिंबीर. अ‍ॅव्होकॅडोच्या जागी काही लोक वाटाणे वाटून हिरवं करतात, मला ते अजिबात आवडत नाही, गोडूस लागतं. त्यापेक्षा दह्याचा चक्का बांधा, मीठ, लसूण, सांबार घालून थोडा पातळ करा, तिकडच्या आंबट क्रीमचं काम तोच करतो आणि चीजही आणावं लागत नाही.

पोरीला एक हौस करायची असेल तर भज्याच्या जाड मिरच्या आणि गाजर गोल चिरून, व्हिनेगर-पाणी-मीठ-साखर उकळून त्यात आदल्या दिवशी बुडवून ठेवा. व्हिनेगरची छोटी बाटली फार महाग नसते. आणि संत्र्याचा सीझन असेल तर फोडी सोलून वर निंबू, मीठ, लाल तिखट भुरभुरा, मेक्सिकोत गाड्यांवर फळं अशीच देतात. आपल्या भागात संत्रं पिकतं आणि आपण ते नुसतंच सोलून खातो, हे मला नेहमी खटकते.

एका व्हिडिओत पाह्यलं, मेक्सिकोतले लोक मक्यात चुना टाकून शिजवतात. खरंच का? आमच्या शेतात मका हाय, घरीच करून पाहू का?
– बुलढाणा जिल्ह्यातून

खरंच. भाऊ, ही त्यांची हजारो वर्षांची रीत आहे. किलोभर मक्याला साधारण दहा ग्रॅम चुना पाण्यात कालवायचा, त्यात मका शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुतला की टरफल सुटतं, मग वाटायचा. त्यानं पीठ चिकट होऊन कणीक न घालता थापता येतं, वासही बदलतो, आणि मोठी गोष्ट म्हणजे मक्यातलं नायसिन नावाचं व्हिटॅमिन अंगाला लागतं. युरोपवाले मका घेऊन गेले पण ही रीत नाही नेली, मग इटलीत-स्पेनमध्ये जे गरीब लोक नुसता मका खाऊन राहायचे त्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला.

चुना खायचाच घ्या, पानाच्या दुकानातला, भिंतीचा नाही. आणि हे नीट ऐका, पेरणीच्या बॅगेतला उरलेला मका चुकूनही घेऊ नका. त्या रंगीत बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते धुऊन जात नाही, आणि कोंबड्यांनाही टाकू नका.

काकू, मॅचच्या दिवशी चतुर्थी आली. सासरे उपास धरतात. सगळे चटरपटर खातीन अन् ते एकटे कोपऱ्यात साबुदाण्याची उसळ घेऊन बसतीन, बरं नाही दिसत. त्यांच्यासाठी यातलं काही बसते का?
– दर्यापूरकडची सून

अगं बाई, तुझ्या सासऱ्यांचंच ताट सगळ्यात जास्त तिकडचं आहे! साबुदाणा होतो कसावाच्या कंदापासून, तो कंद मूळचा ब्राझीलकडचा, आपल्याकडे तमिळनाडूत सेलमकडे त्याचा साबुदाणा करतात. आलू पेरूच्या डोंगरातला. फल्लीदाणे दक्षिण अमेरिकेतले. मिरची, रताळं, पपई, सगळी तिकडची पाहुणी. आणि राजगिरा मेक्सिकोत इतका जुना आहे की फुलवलेला राजगिरा मधात नाहीतर गुळासारख्या साखरेत घालून त्याची वडी अजूनही तिथं विकतात, आपल्या दुकानातली राजगिऱ्याची चिक्की उचलून त्यात ठेवली तर कोणी ओळखणार नाही. मला तर वाटते उपास ठरवणाऱ्यानं धान्य बाजूला काढलं आणि नंतर जहाजातून जे जे नवीन उतरलं ते धान्य नाही म्हणून आत घेतलं. हा आपला माझा अंदाज, याला कुठला पुरावा मागू नका.

इक्वेडोरमध्ये आलूची टिक्की दाण्याच्या सॉससोबत खातात. तेच कर. उकडलेले आलू कुस्करून शेंदं मीठ, जिरं घाल, टिक्क्या तुपावर लाल कर. दाणे भाजून, मिरची आणि थोडं दही घालून गुळगुळीत वाट, गरम करून पळीवाढं कर. बाकीच्यांनाही हेच वाढ, वेगळी चूल मांडायची गरजच नाही. कच्ची केळी असतील तर जाड चकत्या तळ, बाहेर काढून वाटीच्या बुडानं दाबून चपट्या कर आणि परत तळ, कोलंबियात आणि आसपासच्या बेटांवर हे घरोघरी होतं. तेल मात्र सासऱ्यांना उपासाला चालणारं घे. आणि संकष्टी चतुर्थी असंन तर चंद्र निघाला की उपास सुटतोच, तोवर दुसरी इनिंग चालू असंन, राजमा झाकून ठेव त्यांच्यासाठी.

आम्ही चार दोस्त, रूमवर राहतो, यवतमाळ. फुटबॉलची मॅच रात्री साडेबाराले हाय, मेक्सिकोत म्हणे तवा दुपार असते. घरमालक खाली झोपते, आवाज झाला तं सकाळी ऐकून घ्या लागते. काय बनवावं?

मिक्सर आणि कुकर दोन्ही विसरा. कणसाचे दाणे संध्याकाळीच उकडून ठेवा, मॅचच्या वेळी कढईत लोणी टाकून परता, स्टीलच्या ग्लासात भरा, वर चमचाभर मेयोनिज, निंबू, मीठ, भिवापुरी तिखट, पनीर कुस्करून. मेक्सिकोत हे रस्त्यावर ग्लासातच विकतात. कणसाचा सीझन नसेल तर फल्लीदाणे थोड्या तेलात मंद आचेवर, सोबत अख्ख्या लसणाच्या पाकळ्या आणि सुक्या लाल मिरच्या, शेवटी मीठ आणि निंबू. मेक्सिकोच्या ओआहाका भागात असे दाणे खातात. दोन दिवस टिकतात, म्हणजे टिकले असते, चार पोट्टे आहेत म्हटल्यावर काही खरं नाही. गोल झाल्यावर ओरडायचं काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा.

थंड काय द्यावं? बाटल्या महाग पडतात. अन् लाईन गेली तं?
– पहिल्याच वाचकाची दुसरी चिठ्ठी

लाल अंबाडीची बोंडं वाळवून ठेवली असतील तर दोन मुठी दोन लिटर पाण्यात उकळा, गाळा, साखर किंवा गूळ घाला, माठाशेजारी गार होऊ द्या. लालभडक सरबत होतं, मेक्सिकोत हेच सरबत ठिकठिकाणी मिळतं. गोड जरा कमीच ठेवा, आंबट राहिलं तर राजम्यासोबत छान लागतं. वीस जणांना दुप्पट-तिप्पट करा.

लाईनचं म्हणाल तर म्हणूनच मी सगळं आधी करून ठेवायचं सांगून राह्यली. ऐन वेळी फक्त राजमा गरम करायचा, तोही गॅसवर. कांदा-टमाटर मात्र तास-अर्धा तास आधीच कापा, जास्त आधी कापलं की पाणी सुटतं. चिप्सवर राजमा आधीच ओतून ताटं सजवू नका, मऊ पडतात, ज्यानं त्यानं आपापल्या हातानं घ्यावं. आणि पावसाळ्याचे दिवस असतील तर खाणं प्रोजेक्टरपासून लांब, पडवीत ठेवा, झाकण घालून. उजेडाला पाखरं येतात आणि नेमकी दह्यात पडतात.