पाचोऱ्याच्या ताईंना: मीटिंग कशी शोधायची, आणि कोणी ओळखलं तर?

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मिस्टर "सोडतो" म्हणतात, तर त्यांना ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला कुठे न्यायचं? आणि तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर? मी भुसावळचा. अकरा वर्षं झाली, प्यायलेलो नाही. त्याआधीची सतरा वर्षं मोजण्यासारखी नाहीत.

पण त्याआधी एक सांगा, सकाळी उठल्यावर त्यांचे हात थरथरतात का? थरथर थांबवायला म्हणून पहिला घोट लागतो का? तसं असेल तर एकदम बंद करू नका. मीटिंगच्याही आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, ताप सुरू होऊ शकतो. त्यात माणूस दगावतोही. आपल्याकडे लोक म्हणतात, "दारू सोडली म्हणून मेला." तशी ती औषधाविना सोडलेली असते. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. मनोविकार विभागात जा आणि रोज किती पितात ते खरं सांगा. आपण अर्धंच सांगतो, आणि डॉक्टर औषधही त्या हिशोबाने देतात.

आता मीटिंग. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची भारताची वेबसाइट आहे, हेल्पलाइन आहे. तिथे गाव सांगितलं की जवळचा ग्रुप कळतो. पण पत्त्यावर विसंबून निघू नका. ग्रुप शाळेच्या वर्गात, कुणाच्या हॉलमध्ये भरतात, जागा बदलते, वार बदलतो. आधी फोन लावा, पलीकडे मेंबरच असतो. सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६, तीही फुकट आहे. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातही विचारा, पुष्कळ ठिकाणी ए.ए.चे मेंबर जाऊन बोलतात. पाचोऱ्यात ग्रुप मिळाला नाही तर जळगाव, नाहीतर चाळीसगावकडे विचारा. रेल्वेलाइनवर राहण्याचा तेवढा फायदा घ्या. ऑनलाइनही मीटिंग असतात, पण सुरुवातीला माणसात बसलेलं बरं.

ओळखीचं. हीच भीती मला दोन वर्षं नडली. पहिल्या दिवशी मी त्या शाळेवरून दोनदा पुढे गेलो, टपरीवर दोन चहा घेतले. आत शिरलो तर समोर आमच्याच शेडमधला एक सीनियर. घाम फुटला. मग डोक्यात आलं, हा इथे काय करतोय? तोही त्याच कामाला आला होता. माझं नाव बाहेर काढायचं तर आधी त्याचं निघणार. आणि खरं सांगू? आपण पितो हे अख्ख्या गल्लीला माहीत असतं. लपून राहिलेलं असतं ते फक्त आपल्या डोक्यात. तरीही मन धजत नसेल तर शेजारच्या शहरात जा, त्यात कमीपणा नाही.

आत फार काही नसतं. लहान मुलांचे बाक, चहा, प्रार्थना. मग एकेक जण "मी अमुक, मद्यपाशी" (म्हणजे दारूच्या पाशात अडकलेला) म्हणून स्वतःचं सांगतो. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. नवीन माणसाला बोलायची सक्ती नाही. मला एका म्हाताऱ्याने "ये भाऊ, बठ आठे" एवढंच म्हटलं, मी तासभर गप्प बसलो. फी नाही, पिशवी फिरते, दहा-वीस टाकले तर टाकले. दारू थांबवायची इच्छा, एवढीच अट. १९३५ साली अमेरिकेत एका शेअर दलालाने एका सर्जनला स्वतःची कहाणी सांगितली, दोघेही पिणारे, तिथून हे सुरू झालं. आजही तेच चालतं. पिणारा पिणाऱ्याचं ऐकतो, बायकोचं नाही. राग मानू नका.

तुम्हाला सोबत जायचं असेल तर "ओपन" मीटिंग आहे का ते विचारा. "क्लोज्ड"ला फक्त पिणारेच बसतात. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचा वेगळा ग्रुप असतो. ते गेले नाहीत तरी तुम्ही जा.

भिंतीवर जाहिरात असते ना, "न सांगता दारू सोडवा", ती पावडर भाजीत घालू नका. आमच्या घरी हा प्रयोग झाला होता. पुडीत काय होतं देव जाणे. वर दारू घेतली आणि चेहरा लालबुंद, छाती धडधडतेय, मी मरणारच असं वाटलं. दारूशी न जुळणारी गोळी असते, पण ती डॉक्टरने, पेशंटला सांगूनच द्यायची.

एका मीटिंगवरून ठरवू नका, सहा-सात तरी करू द्या. मी आठव्या महिन्यात घसरलो, हिवाळ्यात, शेतातल्या भरिताच्या पार्टीत. "एकच घे"वाले मित्र होते. दुसऱ्या दिवशी स्पॉन्सरला, म्हणजे मला सांभाळून घेणाऱ्या जुन्या मेंबरला, फोन केला. तो ओरडला नाही, फक्त म्हणाला, "आज संध्याकाळी ये." त्या वर्षापासून मी भरीत घरीच खातो.

आणि जळगावला गेलात तर परतीची गाडी आधी बघून ठेवा. माझी पहिल्या दिवशी चुकली होती. पुढची दोन तासांनी होती, आणि स्टेशनबाहेर कोणकोणती दुकानं उघडी असतात ते मला पाठ होतं. तो सीनियर गाडी येईपर्यंत बाकावर बसून राहिला.