मस्टँग झाकून ठेवली तर सोनं होईल का?

प्रश्न : २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी मिळते आहे. ३१ हजार किलोमीटर झालेत, सायलेन्सर कंपनीचा नाही, बाहेरून बसवलेला आहे. वीस वर्षं जपली तर जुन्या मसल कारसारखा (मोठ्या इंजिनाची ताकदवान अमेरिकन गाडी) भाव येईल का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तसा येणार नाही. १९७१ च्या प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल बनल्याच जेमतेम डझनभर. २०१४ मध्ये त्यातली एक लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. त्या काळच्या मसल कार लोकांनी पिदडल्या, ठोकल्या, गंजवून भंगारात घातल्या. म्हणून उरलेल्यांना भाव. आज अमेरिकेत माणसं शोरूममधून आणलेली डॉज चॅलेंजर सीटवरचं प्लॅस्टिकही न काढता गॅरेजमध्ये लावतात. सगळेच जपणार असतील तर दुर्मीळ काय राहणार?

आपल्याकडचं गणित थोडं वेगळं आहे. मस्टँग इथे २०१६ मध्ये आली आणि बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यानंतर परतली नाही. उजव्या स्टिअरिंगची, ५ लिटर व्ही-८ गाडी देशात मोजकीच. त्यामुळे भाव धरून राहील. पण इथे ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये मिळाली आणि संग्राहक आधी मॅन्युअल शोधतो. शिवाय विंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात, म्हणजे २०६७ उजाडेल. त्याआधी १५ वर्षांनी फिटनेस आणि आरसीचं नूतनीकरण आहेच. आयात चारचाकीला त्याची फी साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त असते.

खरी भीती इलेक्ट्रॉनिक्सची. जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर कुठलाही जाणता मिस्त्री उघडून बसवेल. इंजिनाचा कॉम्प्युटर गेला तर नवा नुसता लावून चालत नाही, त्या गाडीच्या व्हीआयएनवर, म्हणजे चेसिस नंबरवर, प्रोग्रॅम करावा लागतो. वीस वर्षांनी तो सुटा भाग मिळेल, असं धरून चालू नका.

घ्यायचीच तर मूळ सायलेन्सर मालकाकडून मागून घ्या. नसेल तर तेवढा भाव पाडा. दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसची बिलं आणि चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहा. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. टायर इतके जुने असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, बदलायचेच.

नाशिकच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आत वाफ कोंडते, ब्रेक डिस्क गंजतात. हवा खेळणारं कापडी कव्हर घ्या, बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवणारा छोटा चार्जर) लावा आणि उंदरांचा बंदोबस्त करा. वायरिंग कुरतडलं की खर्चाला अंत नाही. रोज पाच मिनिटं जागेवर चालू करणं हा तर शुद्ध घात. ऑइल तापत नाही, पेट्रोल जळताना तयार होणारं पाणी त्यात आणि सायलेन्सरमध्ये साचतं. त्यापेक्षा पंधरवड्याला त्र्यंबकेश्वरपर्यंत नेऊन आणा. इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढतं, म्हणून टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका. वर्षाला ऑइल बदला, साधारण ७.६ लिटर लागतं.

प्रश्न : वडिलांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे. मूळ रंग फिका पडलाय. नव्याने रंगवू का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : अजिबात नको. फिका का होईना, कंपनीचा रंग पुन्हा मिळत नाही. पॉलिश करा, टाकी आतून गंजली असेल तर साफ करा. क्रँकची ऑइल सील मात्र तपासा : क्लचच्या बाजूची गेली की गिअर ऑइल ओढून पांढरा धूर, मॅग्नेटोच्या बाजूची गेली की बाहेरची हवा शिरून इंजिन आपोआप रेस होतं. तसंच चालवलं तर पिस्टन जाम होतो. मूळ आरसी आणि जुळणारा इंजिन नंबर असेल, तर तुमच्या हातातली गाडी वरच्या मस्टँगपेक्षा शहाणी गुंतवणूक आहे.