नेता निःस्वार्थ असतो की निःस्पृह?

प्रश्न असा आलाय की वाढदिवसाच्या बॅनरवर 'निःस्वार्थी नेतृत्व' लिहितात ते बरोबर की 'निःस्वार्थ', आणि मुळात मोठ्या नेत्याला हा शब्द लागू तरी पडतो का.

व्याकरणाचं आधी सांगते. ज्याला स्वार्थ नाही तो निःस्वार्थ, हे स्वतःच विशेषण आहे, वर आणखी 'ई' लावायची गरज नाही, पण 'निरपराधी' जसं रूढ झालं तसं हेही झालंय, बोलताना चालतं.

खरा अडकणारा भाग पुढचा. आपण स्वार्थी आणि निःस्वार्थ असे दोनच खण करतो आणि प्रत्येकाला एकात कोंबतो. संस्कृत कवी भर्तृहरीने नीतिशतकात चार केलेत! स्वतःचं सोडून दुसऱ्याचं भलं करणारे सत्पुरुष, 'स्वार्थाविरोधेन' म्हणजे स्वतःच्या हिताला धक्का न लावता दुसऱ्यासाठी झटणारे सामान्य, स्वतःसाठी दुसऱ्याचं बिघडवणारे मानवराक्षस, आणि विनाकारण बिघडवणारे, त्यांना काय म्हणावं हे त्यालाही कळत नाही. मला वाटतं बहुतेक प्रभावी माणसं दुसऱ्या गटात सापडतात. आपल्या ग्रँट रोडचा नाना चौक ज्यांच्या नावाचा ते नाना शंकरशेठच घ्या ना, मोठे व्यापारी, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या संचालकांपैकी एक, १८५३ ला तिचीच बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आता रेल्वे आली की व्यापाऱ्याचा फायदा होणारच, पण याच नानांनी लोकांचा विरोध असताना मुलींच्या शाळेला आधार दिला, त्यात कसला आलाय नफा? त्यांना निःस्वार्थ म्हणायचा हट्ट नको, आणि स्वार्थी म्हणणं तर अन्यायच.

'निःस्पृह' वेगळा शब्द आहे. स्पृहा म्हणजे हाव, पदाची, पैशाची. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे निःस्पृह. १९५१ साली हिंदू कोड बिल रखडलं तेव्हा बाबासाहेबांनी कायदामंत्रिपद सोडलं, तेही निःस्पृहच. पण त्यांना 'निःस्वार्थ' म्हटलं की मला काहीतरी निसटल्यासारखं वाटतं, कारण अस्पृश्यतेचे चटके त्यांनी स्वतः सोसले होते, ज्यांच्यासाठी लढले ते त्यांचे स्वतःचेच लोक होते, मग तिथे 'स्व' कुठे संपतो आणि 'पर' कुठे सुरू होतो हे ठरवणार कसं? तिथे 'निःस्पृह'च लिहावं, ते नेमकं बसतं.